उभारी

तिने बाबांच्या पाठीमागे दुसरी उशी सरकवली, तर त्यांनी ती ओढून बाजूला टाकली.

"टेकायला मी काय म्हातारा आहे?"

धाकटा भाऊ खो खो हसला. तीन आठवडे चमचाभर पाणीही बाबांच्या ओठांतून ओघळत होतं. आज त्यांनी वाटीभर दूध संपवलं, केस विंचरून घेतले, आणि धाकट्याच्या सुटलेल्या पोटावर दोन टोमणेही हाणले.

*उभारी* (स्त्री.) : खचल्यावर पुन्हा आलेलं बळ. मूळ ऊर्ध्व, प्राकृतात उब्भ, मग उभा, उभारणे. उदा. :

तिच्या हातातल्या कार्डावर उदाहरणाची जागा कोरी. जन्मभर शब्दकोश रचणाऱ्या बाबांचा एकच हट्ट होता : वाक्य कुणाच्या तरी तोंडून कानांनी ऐकलेलं हवं. घरी बसून बनवलेलं चालायचं नाही.

धाकटा फोनवर बायकोला सांगत होता, "अगं, बाबांना काय उभारी आलीय म्हणून सांगू! दुपारच्या गाडीने निघतोच मी."

"लिही," बाबा लेकीला म्हणाले. "जसंच्या तसं."

तिने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. ती नर्स होती, तीही अत्यवस्थ रुग्णांच्या वॉर्डातली. सकाळी असं दूध मागून पिणारे आणि संध्याकाळच्या त्यांच्या रिकाम्या खाटा, दोन्ही तिने पाहिलं होतं. आज ती कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

"येतो बाबा. पुढच्या महिन्यात दोघं फिरायला जाऊ."

"आधी ते पोट आत घे."

धाकटा बॅग घेऊन बाहेर पडला. जिन्यावरून त्याची शीळ ऐकू येऊ लागली.

"तुमच्या वॉर्डात याला काय म्हणतात गं?"

"कशाला?"

"मला आज जे झालंय, त्याला."

तिने चादरीची सुरकुती सरळ केली. मग पुन्हा केली.

"नाव नाही त्याला, बाबा. घरच्यांना बोलावून घ्या, एवढंच म्हणतो आम्ही."

बाबांनी मान हलवली. एखादं वाक्य पसंत पडलं की हलवायचे, तशी.

शीळ खालच्या मजल्यावर पोचली होती. ती उठली, तसं बाबांनी तिचं मनगट पकडलं.

"हसत जातोय. जाऊ दे."

ती त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागली. पहिल्या दोन बोटांना जोर लावावा लागला. उरलेली आपणहून सुटली.

ती अनवाणीच जिन्याकडे धावली.