अक्कांनी पाहिलेलं यंत्र

तंजावरच्या विज्ञान मंडळानं वसुमतीच्या खांद्यावर जरीची शाल घातली, तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं. फुकट कुणी कुणाला शाल घालत नाही.

मंडळ म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत शनिवारी जमणारी सात-आठ माणसं. त्यांनी भाताचा ओलावा मोजायचं यंत्र बनवलं होतं. परदेशी यंत्रं नुकतीच दुकानांत दिसू लागली होती. महाग, आणि झाकण उघडलं की गॅरंटी गेली. यांचं यंत्र कुणीही उघडावं, जोडणीचा नकाशा न्यावा, आपलं आपण बनवावं. मूळ कल्पना वसुमतीची. ती महिला कॉलेजात फिजिक्स शिकवायची.

पोंगल झाल्यावरच्या त्या बैठकीत मंडळाचे उद्देश ठरवायचे होते. पहिला, नकाशा सगळ्यांना खुला. दुसरा, लागणारी प्रत्येक वस्तू तंजावरात मिळणारी. तिसरा वसुमतीनं मांडला: यंत्र खरं की खोटं हे कुणालाही तपासता यावं, कुणा एकावाचून अडू नये. भात तोला, ओव्हनमध्ये वाळवा, परत तोला, आकडा जुळतो का बघा. एवढंच तर होतं!

तिला तो उद्देश हवा होता, कारण तिला जायचं होतं. बंगळूरच्या संशोधन संस्थेनं जूनमध्ये बोलावलं होतं. गेल्या वर्षी मंडळापायी तिनं ते पुढं ढकललं होतं. आता पुन्हा ढकललं तर कोण विचारतो?

"सरी, सरी," अध्यक्ष मुरलीकृष्ण म्हणाले. रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, लोण्यासारखा माणूस. "पण अक्का, तुम्ही बघिटल्याशिवाय यंत्र बाहेर जायला नको. तुमचा हात लागला की लोकांस धीर येतो."

टाळ्या पडल्या आणि तिसरा उद्देश तसा लिहिला गेला. शाल अंगावर असताना भांडता येत नाही, हे आमच्या गावाला चांगलं ठाऊक आहे.

तपासायला हरिणी होती की! वसुमतीची विद्यार्थिनी, तिनंच तयार केलेली, कामाला चोख. पण हरिणीनं तपासलेलं यंत्र लोक हसून घेत आणि जाताना वसुमतीच्या दारात थांबत. "अक्का, एकदा बघा हो." स्वयंपाकघरात यंत्रं, देवघरात यंत्रं. मानाचं ओझं उतरवायला हमाल मिळत नाही.

शेवटी वसुमतीनं जाणूनबुजून हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ठरवलं. पापनाशमच्या रामस्वामीचं यंत्र आलं होतं. तिनं आकडा जुळवायचा आतला स्क्रू जरासा फिरवला. सतरा टक्के ओलावा आता एकोणीस दिसणार. वर आपली सही केली आणि यंत्र त्याला पाठवायला म्हणून हरिणीच्या हाती दिलं. रामस्वामी निवडला, कारण तो एक नंबरचा भांडकुदळ. कंडक्टरशी, पुजाऱ्याशी, सख्ख्या भावाशीही भांडलेला. हा येईल, यंत्र आपटेल, चारचौघांत तिची अब्रू काढील, आणि ती सुटेल. तिला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा सुटका मोठी वाटत होती.

रामस्वामी शनिवारीच आला, सगळे असताना. त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक पिशवी ओतली. तांदूळ होता, पण सगळी कणी; भात फार वाळला की गिरणीत दाणा फुटतो, तशी.

"यंत्र ओलं म्हणालं, मी वाळविलं. परत ओलं म्हणालं, परत वाळविलं. गिरणीत घातलं तर हें असं."

वसुमती आता शिव्यांची वाट बघू लागली.

"शेजारी म्हणतो, यंत्र खोटं. त्याशी भांडलों! अक्कांनी बघिटलेलं खोटं कसं? माझं अंगणच ओल धरत असेल. वाळवायचं कसं तेवढं सांगा, अक्का."

तिनं त्या कणीची एक मूठ उचलून बघितली. "यंत्रच खोटं होतं," ती म्हणाली. "मी स्क्रू फिरवला. मुद्दाम. तुमचं नुकसान मी केलं."

मुरलीकृष्णांचे डोळे भरून आले. "बघिटलं? दुसऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून दोष आपल्यावर घेतात." आणि जन्मात कुणापुढं न वाकलेल्या रामस्वामीनं तिला वाकून नमस्कार केला.

"अहो, खरं सांगते मी!" वसुमती ओरडलीच. "हरिणी, तू तरी आत्ता तपासून दाखव यांना."

हरिणीनं मान खाली घातली. "तपासलं होतं, अक्का. पाठवायच्या आधीच. दोन जास्त दाखवीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"वर तुमची सही होती. मज वाटलं, माझंच चुकतंय." ती चाचरली. "म्हणून माझ्याकडच्या बाकी सगळ्या यंत्रांचे स्क्रू त्याच्याशी जुळवून घेतले. गेलीं तीं गावोगाव."