डॉक्टरांचा डावा हात

दातांच्या डॉक्टरांनी गोल्फ शिकायला घेतलं ते कंबरेसाठी, असं ते सगळ्यांना सांगत. खरं कारण समोरच्या इमारतीतला, दातांना तारा बसवणारा डॉक्टर होता. तो दर बुधवारी दुपारी टोपी घालून, गाडीत काठ्यांची पिशवी टाकून खेळायला निघे आणि जाताना यांच्या खिडकीकडे बघून हात हलवी. त्या हात हलवण्याने डॉक्टर दोन वर्षं जळत राहिले. शेवटी त्यांनीही टोपी घेतली.

टोपी छान बसली. तिथून पुढे मात्र सगळा आनंदच होता.

पहिल्या दिवशी त्यांनी चेंडूसमोर पाय रोवले, चेंडूवर नजर लावली, उजवा हात बाजूला पसरला आणि तळवा वर करून वाट पाहिली. बराच वेळ काही झालं नाही.

"काय हवंय?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काठी," डॉक्टर म्हणाले.

"ती तुमच्या पिशवीत आहे."

शेजारी सराव करणारे दोन म्हातारे हसले. डॉक्टरही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सवयच होती ती. दवाखान्यात पंचवीस वर्षं असंच चालत आलं होतं. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात बघत हात पसरायचा आणि समोर बसलेल्या बायकोने त्यात नेमकं हवं ते ठेवायचं. गाल तीच बाजूला ओढून धरी, आरसा तीच धरी, लाळ ओढायची नळी तिच्याच हातात. दाढ काढताना पेशंटचा जबडाही खालून तीच पेलून धरी. डॉक्टरांना तोंडाने मागावा लागे तो फक्त चहा.

आणि आता ती काम सोडून चालली होती.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी मुख्याध्यापिका बाई दाढ दाखवायला आल्या होत्या. दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली हे ऐकून त्यांनी कौतुक केलं. डॉक्टरांना कौतुक पचत नाही, लगेच छातीत चढतं. "एकट्याने ओढलाय बाई हा गाडा," ते म्हणाले. बायको तेव्हा बाईंचा गाल धरून बसली होती. तिने गाल हळूच सोडला, नळी जागेवर अडकवली आणि संध्याकाळी शटर ओढताना म्हणाली, "महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत येते. मग ओढा एकट्याने."

दोन दिवसांत उतरेल राग, असं डॉक्टरांनी मनाशी धरलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर कागद लागला, 'मदतनीस पाहिजे'. अक्षर बायकोचंच, वळणदार. मग डॉक्टरांनी माफी मागितली, पण तीही कशी, तर "तुला वाईट वाटलं असेल तर" अशी सुरुवात करून. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" माफी नामंजूर, हा या प्रश्नाचा अर्थ पंचवीस वर्षांच्या संसारानंतर कळायला डॉक्टरांना वेळ लागला नाही. ते घाबरले.

अशा मनःस्थितीत तिसरा बुधवार उजाडला. चेंडू नेहमीसारखा उजवीकडच्या झाडीत गेला. गोल्फ शिकवणाऱ्या बाईंनी डॉक्टरांच्या छातीवरून एक टॉवेल आडवा घातला आणि त्याची दोन टोकं दोन्ही काखांत दाबून धरायला लावली. "हात एकमेकांना सोडून निघाले की टॉवेल पडेल," त्या म्हणाल्या. टॉवेल सात वेळा पडला.

"आता नुसत्या डाव्या हाताने मारा."

डॉक्टरांनी डाव्याने काठी उचलली, फिरवली, आणि काठी हातातून सुटून चेंडूपेक्षा लांब गेली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी काठी आणून दिली. "काठी वर नेताना डावा हात सरळ राहतो, उजवा कोपरात दुमडतो. खाली येताना डावा आधी निघतो. उजव्याने त्याच्या मागून यायचं आणि शेवटी जोर द्यायचा. तुमचा उजवा आधीच धावतो, कारण डाव्यावर त्याचा विश्वास नाही. हा डावा हात दिवसभर करतो तरी काय?"

खुर्चीपाशी उभं असताना डावा हात असतो कुठे, ते डॉक्टरांनी आठवून पाहिलं. तो कोटाच्या खिशात असे. पंचवीस वर्षं खिशात. त्याचं सगळं काम समोरून होत होतं. इतकं उघड असलेलं आपल्याला कळायला गोल्फची फी भरावी लागली, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

शेवटच्या शनिवारी शेवटचा पेशंट म्हणजे त्याच मुख्याध्यापिका बाई. दाढ काढायची होती. भूल चढली, तोंड उघडलं, बायकोने गाल धरला. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला.

"बाई, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो. हा दवाखाना मी एकट्याने चालवलेला नाही. इथे चार हात आहेत. त्यातला माझा एकच काम करतो, दुसरा बसून खातो. त्याचंही काम हीच करते. मी हे कधी बोललो नाही, कारण मला ते दिसलंच नाही."

"आं," बाई म्हणाल्या. त्यांना याहून जास्त बोलता येत नव्हतं.

बायकोने वर बघितलं नाही. "आधी दाढ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी उजवा हात पसरला. पक्कड त्यात आली. मग तिने बाईंच्या हनुवटीखालचा आपला हात काढून घेतला. "जबडा तुम्ही धरा."

डावा हात खिशातून निघाला. बाईंनी डोळे गच्च मिटले. डॉक्टरांनी अंगठा आत, बोटं हनुवटीखाली ठेवली आणि पकड बसेपर्यंत उजव्याला थांबवलं. मगच पक्कड हलवली. दाढ मुळांसकट अख्खी बाहेर आली. डॉक्टरांच्या काखेतला घाम बघता टॉवेलची गरज इथेच जास्त होती.

बाई कापूस चावत गेल्या. बायको हात धुऊन दारावरच्या कागदापाशी गेली. काढते आहे, असं वाटून डॉक्टर हरखून तिच्या मागोमाग गेले. तिने कागद काढला नाही. पेन घेऊन खाली लिहिलं, 'फक्त दुपारसाठी'.

"म्हणजे सकाळी तू येणार?"

"येईन."

"आणि दुपारी काय करणार?"

"ठरलं नाही अजून," ती म्हणाली. "विचार करायला कधी हात रिकामा होता माझा?"

कागदाचा एक कोपरा सुटला होता. तिने चिकटपट्टी तोडली आणि डॉक्टरांनी तो कोपरा डाव्या हाताने दाबून धरला.