मामाची लाथ

वसमतला कराटे शिकवणाऱ्या प्रमोद सरांनी मोबाइलवर मारामारीचा पिच्चर काढला. हिरोईन होती राजनंदिनी आणि खलनायक तिचा सख्खा मामा, मेंढरं राखणारा मल्हारी.

पहिला खेळ हट्ट्याच्या शाळेत लागला. शहरातून आलेल्या पाहुण्यानं नंतर माइक घेऊन चुका मोजल्या. गोष्टीला शेंडा ना बुडखा, आवाज एकीकडं अन् ओठ एकीकडं, ऐन मारामारीत मधूनच मेंढरं जातात. मल्हारीनं मान खाली घातली. सगळं बराबरच होतं.

"आणि हिरोईनला लाथ मारून खलनायक लगेच तिच्याच पाया पडतो! तेवढं तरी कापायचं की!" पाहुण्यासोबत सगळी शाळा हसली.

मल्हारी ताडकन उठला. "काहून कापायचं? भाचीला पाय लागला तर मामानं पाया पडावंच लागतं. तुमच्या कोटीच्या पिच्चरमदी कुणी पडत न्हाई, कारण तिथं लाथ लागतच न्हाई!"

हसू थांबलं. राजनंदिनी पुढं आली, बाही वर सारली आणि दंडावरचा काळानिळा डाग तिनं पाहुण्यापुढं धरला, बाईनं नवी पाटली दाखवावी तसा.