सगुणा धवलारणीचा अर्धा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क. मुक्काम भांडुप, सहदेवचा फोटो स्टुडिओ. इथे कुठलाही नवरदेव हिरो दिसतो, ही सहदेवची कमाल. माझं काम फक्त सांभाळायचं. तेवढंच मला धड करू दिलं नाही.

आम्हा दोघी जुळ्या बहिणींना एका डब्यात बसवताना कॉम्प्युटरवाला दिपेश सहदेवला म्हणाला, "बोल शेठ, स्पीड पाहिजे की झोप? रेड झिरो पद्धतीने जोडलं तर प्रत्येक फाइल दोघींवर तुकड्या-तुकड्याने वाटली जाणार. पळेल झकास, जागा पूर्ण. पण एक मेली की सगळंच गेलं. रेड वन केलं तर जे हिच्यावर, तेच तिच्यावर."

"म्हणजे जागा अर्धी?"

"अर्धी. एडिटिंगला झिरो चालेल रे, पण लग्नाचं मूळ शूटिंग वनवर ठेव. चार डिस्क घे, दोन्ही करून देतो."

"चार? येडा समजतोस काय? कर झिरो!"

आणि गिऱ्हाइकांना हाच सहदेव सांगणार, "दोन डिस्क आहेत ना, डबल सेफ!"

मग कोळीवाड्यातल्या नेत्राचं लग्न आलं. तिची आजी सगुणा धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय तिथे लग्नाचा एक विधी हलत नसे. मांडवात म्हातारीने गळा सोडला. एक तुकडा मी झेलला, पुढचा बहिणीने. पण लग्नाची फिल्म करताना सहदेवने तो आवाजच काढला आणि वर डीजेचं गाणं चढवलं. "पब्लिकला बीट पाहिजे यार!" म्हातारीचे ओठ हलतायत आणि ऐकू येतंय धिचक धिचक. खरा आवाज उरला फक्त आमच्याकडे.

दसऱ्याला आमची पूजा झाली. हळदकुंकू, वर झेंडूचा जाडजूड हार, नेमका डब्याच्या पंख्यावर. लोकांना मेल्यावर घालतात, आम्हाला जिवंतपणीच घातला. पूजेचा हार लगेच काढायचा कसा, म्हणून तो तिथेच सुकला. डबा तापत राहिला. बहीण कुरकुरली, खटखटली आणि गेली.

त्याच आठवड्यात नेत्रा आली. "दादा, आजी गेली. तिचे धवले द्या ना. आमच्यात आता कोणालाच येत नाहीत."

डबा उघडेना. दिपेशला बोलावलं.

"एक मेली," तो म्हणाला.

"मग दुसरी आहे ना!"

"आहे की, ठणठणीत! पण झिरो कोणी करायला लावलं?"

सहदेव डब्यावरचा सुकलेला हार काढू लागला. नेत्रा एवढंच म्हणाली, "तुम्ही डबल सेफ म्हणाला होतात."

मला ओरडावंसं वाटलं, अगं, आहे माझ्याकडे! पण काय होतं? तुटक्या आवाजाचे तुकडे, एकाला एक न लागणारे. बहिणीला डेटा परत काढणाऱ्या लॅबमध्ये पाठवलं, त्यांनीही हात वर केले.

आता सहदेवला अक्कल आली. मला पुसून कोरी केली, शेजारी नवी डिस्क बसवली आणि रेड वन केलं. नेत्राने घरचा, लग्नाच्या त्याच फिल्मचा पेनड्राइव्ह आणून दिला. "निदान ही फिल्म तरी नीट ठेवा."

मित्रांनो, डब्याला हार नंतर घाला. आधी विचारा, यातली एक गेली तर काय उरेल? आमच्याकडे आता खरंच सगळं डबल सेफ आहे. एक सगुणा माझ्यावर, एक नवीवर. दोघींचे ओठ हलतात. आवाज डीजेचा.