दर्यामहाराजांचा ठसका

किनाऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मासळीबाजारातली मोठी निळी टाकी वाळूत आणून ठेवली होती. तिच्यात दीड हात लांबीचा शार्क गरागरा फिरत होता. टाकीशी दर्यामहाराज उभे होते. अंगात निळी कफनी, गळ्यात शार्कच्या दातांची माळ आणि आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा.

"हाच तो नरभक्षक! याच्याच भाऊबंदांनी या माउलीचं लेकरू ओढून नेलं!"

माउली पहिल्याच रांगेत होती. तिचा धाकटा गेल्या वर्षी धक्क्याच्या टोकाशी पोहताना बुडाला होता. शेजारी तिची थोरली हाताची घडी घालून उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. घरात तिला शंकासुर म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

महाराजांचा खेळ आता सगळ्यांना पाठ झाला होता. टाकीत हात घालायचे, शार्कला उताणा करायचा, मंत्र पुटपुटायचा. बघता बघता मासा निपचित! मग त्याला कापायचा आणि जाहीर करायचं, "किनारा बांधला! पोरांना खुशाल उतरवा, डोळे झाकून!"

हे 'डोळे झाकून' ऐकलं की थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची. धाकटा गेल्यापासून धक्क्याकडे एक पोर फिरकत नव्हतं. महाराज आले आणि आता, या घडीलाही, डझनभर पोरं तिथंच उड्या मारत होती. वर आज आईनं हट्टच धरला होता, "विधी आटोपला की नातीला मी स्वतः पाण्यात सोडणार." नात म्हणजे थोरलीची लेक, आजीचं बोट धरून उभी.

"आई, नको गं सोडूस तिला."

"गप्प बस. तुला कशावर तरी विश्वास आहे का?"

शिष्यानं धूप जरा जास्तच फुलवला. महाराजांनी शार्क उलटा केला, मंत्रासाठी तोंड उघडलं आणि धूर थेट घशात गेला. असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. 'ओम्' काही बाहेर पडेना. शिष्य पाठ चोळतोय, महाराज खोकतायत आणि हातातला शार्क मात्र मंत्राची वाट न बघता कधीच निजलेला!

थोरलीनं ते नेमकं टिपलं.

"महाराज, मंत्र तर घशातच राहिला. मग हा झोपला कशानं?"

"मनातल्या... मनात म्हटला," महाराज खोकत म्हणाले.

"असं होय? मग मीही काहीतरी म्हणून बघते." तिनं बाह्या सरसावल्या.

"ए बाई, शाप लागेल!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

महाराजांना अडवायचं होतं, पण ठसका सोडेना. तिनं शार्क त्यांच्या हातून घेऊन सुलटा केला. तो जिवाच्या आकांतानं फडफडला. पुन्हा हलकेच उताणा केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..." बे चोकपर्यंत मासा गार. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पाढ्यात जादू नाही, मंत्रातही नव्हती," ती म्हणाली. "कितीतरी जातींचे शार्क उताणे केले की असेच सुन्न पडतात. त्यांच्या शरीराची घडणच तशी आहे. आई, ये. तू करून बघ. काही म्हणू नकोस."

आई पुढे आली. तिनं शार्क सुलटा केला, मग उताणा केला, ओठ घट्ट मिटून. तो तिच्या हातांत पडून राहिला.

"मग माझ्या पोराला कुणी नेलं?"

"पाण्याच्या ओढीनं, आई. धक्क्याच्या टोकाला जी ओढ आहे तिनं. त्याच्या अंगावर दाताची एक खूण होती का? शेवटचं अंग तूच पुसलंस ना त्याचं?"

आईचा चेहरा पिळवटला. "नव्हती," ती म्हणाली. "ओरखडासुद्धा नव्हता गं."

थोरली गर्दीकडे वळली. "दर आठवड्याला एक शार्क मेला आणि ओढ होती तिथंच राहिली. मागच्या वेळी कापली त्या मादीच्या पोटात पिल्लं होती, बघितलीत ना? यांना पिल्लं फार थोडी होतात आणि मोठं व्हायला वर्षं लागतात. असेच मारत राहिलो तर समुद्रात औषधालाही उरायचे नाहीत. आणि गुन्हा काय त्यांचा? माणसाच्या वाटेला ते क्वचितच जातात. उलट आपणच त्यांच्या मुळावर उठलोय. भीती वाटली तर वाटू द्या, पण कुणी काही सांगितलं की आधी विचारा, कशावरून?"

महाराज कफनी सावरत सटकत होते. त्यांच्याकडे बघायला आईला सवड नव्हती. तिनं शार्क टाकीत सुलटा सोडला, नातीला लेकीच्या कडेवर दिलं आणि पदर खोचून धक्क्याच्या दिशेनं धावत सुटली.

"याला समुद्रात नेऊन सोडा रे कुणीतरी!" ती धावता धावता ओरडली. "आणि दोर आणा! ती पोरं अजून पाण्यात आहेत!"