काल कुणाचा हात उठला?

संध्याकाळी साडेसहा वाजले की वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यांनी गप्प बसायचं, असा लावण्याचा हुकूम होता. सासूबाईंनी कुकर लावायचा नाही, आठ वर्षांच्या हरिणीनं स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करायचा, आणि हॉलमध्ये लावण्यानं लॅपटॉप उघडून केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या शिक्षकांना शिकवायचं. काय शिकवायचं, तर मुलांना शिकवावं कसं. सासूबाई, विशालाक्षी, शेजारणींना आपल्या तंजावरी मराठीत सांगत, "आमची सून अफ्रिकेंत मास्तरांची मास्तरीण आहे." लावण्या "काहीतरीच हं" म्हणायची, पण त्यांना थांबवायची मात्र नाही.

जानेवारीत ती त्या छावणीत महिनाभर राहून आली होती. पत्र्याची शाळा, एकेका वर्गात शंभरावर मुलं, पहाटे पाण्याच्या रांगेत उभी राहून आलेली आणि बाकं नाहीत म्हणून जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली. शिक्षकही निर्वासितच. दक्षिण सुदानहून आलेला डेंग त्यांच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात हट्टी. त्याच्या हातात कायम छडी. लावण्या पहिल्यांदा त्याच्या वर्गात गेली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी कुणीही न विचारता म्हणाली, "आमचे सर मारत नाहीत."

बाहेर आल्यावर लावण्यानं डेंगला सुनावलं, "मार न खाणाऱ्या मुलाला हे सांगावंसं वाटत नाही, सर."

डेंग बरेच दिवस फुगून होता. पण ती निघाली त्या दिवशी त्यानं छडी आणून तिच्या हातात दिली. ती छडी आता हॉलच्या भिंतीवर, तंजावरी कृष्णाच्या चित्राशेजारी टांगलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला लावण्या तिची गोष्ट सांगायची आणि दर वेळी ती गोष्ट थोडी लांबायची.

लॅपटॉपवरच्या वर्गाची सुरुवात रोज एकाच प्रश्नानं व्हायची. काल कुणाचा हात उठला? ज्याचा उठला त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं आणि सबब द्यायची नाही. नियम लावण्याचाच. छडी सोडल्यावरही डेंगनं दोनदा मान खाली घालून सांगितलं होतं. लावण्या समजूतदार चेहऱ्यानं ऐकायची. तिला मात्र हा प्रश्न कुणी विचारायचं नाही.

सोमवारी डेंग बोलत असताना हरिणी भागाकाराची वही घेऊन हॉलमध्ये आली. लावण्यानं तिला हातानंच घालवलं. ती पुन्हा आली.

"अम्मा, पुरियल," समजत नाही असं तमिळमधून म्हणाली, आणि रडवेल्या आवाजात तेच म्हणत राहिली.

लावण्यानं माइक बंद केला, वळली आणि फाडकन तिच्या गालात मारली. "किती वेळा सांगायचं तुला?"

मग तिनं चेहऱ्यावर हसू आणलं आणि पडद्याकडे पाहिलं. छावणीतल्या त्या पत्र्याच्या खोलीत कुणी हलत नव्हतं. डेंग बोलायचा थांबला होता. तिनं आवाज बंद केला होता, कॅमेरा नाही.

"नेट जातंय," असं काहीतरी पुटपुटून तिनं लॅपटॉप मिटला.

"कां गे मारलीस लेंकरास?" सासूबाई दारातून म्हणाल्या. लावण्याला हरिणीचा राग आला, भागाकाराचा आला, त्या मेल्या कॅमेऱ्याचा आला. आपल्याला मारल्याची लाज वाटत नाहीये, पाहिल्या गेल्याची वाटतेय, हे तिच्या लक्षात आलं आणि मग मात्र तिला तोंड कुठे लपवावं कळेना. याआधी मारलं होतं तेव्हा कुठे वाटली होती लाज?

सकाळी तिनं छडी भिंतीवरून काढून कपाटामागे टाकली. दिवसभर ती सबबी जुळवत होती. तब्येत बरी नाही म्हणावं, का पाहुणे आलेत म्हणावं? साडेसहाला तिनं लॅपटॉप उघडला. सगळे आले होते. डेंग पुढेच बसला होता आणि तिच्यामागच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होता.

"आज आपण थेट गणिताकडे वळू," लावण्या म्हणाली.

कुणी वही उघडली नाही. ते रोजच्या प्रश्नाची वाट पाहत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हरिणी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आईला खेटून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणतात तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझी अम्मा मला मारत नाही. काल आम्ही खेळत होतो."

डेंगनं खाली पाहिलं.

लावण्याला वाटलं, पोरीला आत पाठवावं, हसून विषय बदलावा. डेंगही काही बोलला नसता, तेवढा तो भला होता.

"ती खोटं बोलतेय," ती म्हणाली. "माझ्यासाठी. काल माझा हात उठला. आधीही उठलाय." पुढे तिच्या ओठांवर 'दिवसभर कामानं दमून' आलं होतं, ते तिनं गिळलं.

लावण्यानं हरिणीला जवळ घेण्यासाठी हात उचलला.

हरिणीनं डोळे गच्च मिटले आणि मान आत ओढून घेतली.

लावण्याचा हात तसाच राहिला. कॅमेरा चालूच होता.