सहा हात आणि अंडी

"परवाच्या सभेत कासवांसाठी हात वर केलात, जावईबापू. अन् लगेच वाळूसाठीही केलात. त्यातला खरा कुठला?"

वल्हं मारता मारता नावाडीण मावशीनं विचारलं. जावई नावेच्या टोकाला तंबाखू मळत बसला होता.

"दोन्ही खरे, मावशी. तो कासवासाठी, हा पोटासाठी. वाळूचं यंत्र चालवतो मी. ते थांबलं तर तुमची लेक काय ठराव शिजवेल?"

लेकीचं नाव निघाल्यावर मावशी थुंकली फक्त, तेही पाण्यात नाही, काठावर आल्यावर.

नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. उन्हं तापायला लागली की कासवाच्या माद्या तिथं अंडी घालायला चढत. त्या दिवसांत मावशी चाळीस वर्षं लांबचा वळसा घालून नाव नेत आली होती. हात भरून यायचे, पण बेटाला तिनं कधी नाव लावली नाही. परवाच्या सभेत बेट ठेवायचं की उपसायचं, ते गावानं बहुमतानं ठरवायचं होतं. निम्म्या गावाची चूल वाळूवर, उरलेल्या निम्म्याची त्या निम्म्यावर. बहुमताला काय तोटा!

सभेच्या अध्यक्षानं तोड काढली. अंडी उचलून पंचायतीच्या कचेरीच्या अंगणात वाळूच्या ढिगात पुरायची. कासवंही राखली, वाळूही मिळाली. सहा जणांची समिती बसली. त्यात जावईही होता.

समिती इस्त्रीचे कपडे घालून बेटावर उतरली. अंडी काढायची, बादलीत खळखळून धुवायची, फडक्यानं पुसून टोपलीत रचायची, असं काम सुरू झालं.

"अहो, धुताय काय? बटाटे आहेत का ते?" मावशी नावेतूनच ओरडली. "जी बाजू वर आहे ती वरच राहू द्या. कोळशानं खूण करा. उलटंपालटं केलंत की आतला जीव मरतो!"

"मावशी, हे तुमचं एकटीचं म्हणणं झालं," अध्यक्ष गोड हसला. "आपण मत घेऊ. अंडी धुवून ठेवावीत, कोणाकोणाला मान्य?"

सहा हात वर गेले. जावयाचा सगळ्यांत शेवटी, पण गेला.

मावशीनं वल्हं नावेत आपटलं. अंड्याला वर-खाली कुठलं, हेही आता माणसं हात मोजून ठरवणार!

संध्याकाळी यंत्र बेटाला लागलं. दोन महिन्यांत बेटाच्या जागी गढूळ खड्डा उरला, आणि कचेरीच्या अंगणात वास सुटला. आधी थोडा, मग असा की कुत्रीही तिकडं फिरकेनात. अशाच एका दिवशी आत समितीची सभा होती. शहरात अहवाल पाठवायचा होता.

मावशी ढिगापाशी बसली. एखादं तरी असेल, म्हणून हातानं उकरत गेली. काळी, फुटकी, बुळबुळीत अंडी बोटांना लागत होती. एकात नखाएवढी पाठ तयार झालेली दिसली. बाकी नुसता चिखल. कोपरापर्यंत हात भरला, तरी ती तळापर्यंत उकरतच राहिली. जिवंत एकही नव्हतं.

खिडकीतून अध्यक्षाचा आवाज आला.

"सर्व पिल्लं सुखरूप नदीत गेली, असं लिहू या. मान्य?"

मावशी दारात जाऊन उभी राहिली. सहा जण बसले होते. एक हात नाकावरच्या रुमालावर, दुसरा वर. जावयानं सासूला पाहिलं, मान खाली घातली. हात मात्र वरच होता.

"मावशी, तुम्ही समितीत नाही," अध्यक्ष रुमालाआडून म्हणाला. "बाहेर थांबा."

मावशी आत आली. थेट टेबलापर्यंत गेली आणि तो बरबटलेला हात तिनं अध्यक्षाच्या नाकासमोर धरला. कोपरावरून काळा थेंब अहवालावर पडला.

"मोज, मेल्या," ती म्हणाली. "हाही मोज."